थेंबभरसुद्धा नाही

४ मार्च, सोमवार

वारा पडलेला. बंदरात पाणी सपाट.

सोल्बीने आज पुन्हा भात गालात धरून ठेवला. चावत नाही, गिळत नाही, नुसता साठवते. दुखतंय का विचारलं तर नाही म्हणाली, कारण हो म्हटलं की डॉक्टरकडे नेतील हे तिला पक्कं ठाऊक. मे महिन्यात सहा पुरी होतील, पण डोकं वकिलाचं.

दुपारी बालवाडीतून आणायला गेलो तेव्हा बाईंनी तिचं तोंड उघडून दाखवलं. वरचे पुढचे दात तपकिरी, दाढांत खड्डे. म्हणाल्या, "आजोबा, हे तुम्हाला दिसलं नाही?" दिसलं होतं. दुधाचे दात, पडतीलच, म्हणून सोडून दिलं होतं.

संध्याकाळी नामहीचा फोन. बाईंनी आई म्हणून तिलाही कळवलं होतं.

"बाबा, रात्री तोंडात काही देऊन झोपवता का तिला?"

"नाही."

"दह्याचं ते गोड पेय?"

"कधीतरी."

"कधीतरी म्हणजे किती वेळा? आणि मधाचे पाव?"

मी म्हटलं आवाज कटतोय, आणि फोन ठेवला.

नवरा सोडून गेल्यापासून ती बुसानला कॉल सेंटरमध्ये आहे. शुक्रवारी येते, रविवारी जाते. सोल्बी तीन वर्षं माझ्याकडे आहे. रडली की गोड द्यायचं, दुसरं मला काही येत नाही. तिची आजी असती तर गोष्ट वेगळी.

७ मार्च, गुरुवार

बाजारामागच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर मुलांच्या दातांचा दवाखाना. भिंतीवर रंगवलेले मासे, खुर्चीवर झोपलं की छतात टीव्ही. डॉक्टर मेंग चाळिशीचे, बोलता बोलता दाराकडे बघणारे. सोल्बी रडली नाही, ओरडली नाही. तोंड उघड म्हटल्यावर उघडलं आणि त्यांच्या बोटाला कडकडून चावली.

"चला, काही दात तरी मजबूत आहेत," असं म्हणून शेजारची सिस्टर हसली. येसुल तिचं नाव. केस आखूड, खिशावर कोंबडीच्या पिलाचं चित्र.

आठ दात करायचेत. जागेपणी करायचं तर पाच खेपा, आणि दर खेपेला धरायला चार माणसं. डॉक्टर म्हणाले, "गुंगी देऊन एकदाच उरकू."

"म्हणजे पूर्ण भूल?"

"नाही हो आजोबा. पातळ औषध प्यायचं. पोर पेंगते. दीड तासात काम, मग तासाभरात घरी."

एकवीस तारीख मिळाली, सकाळी नऊ. येसुलने कागद दिला आणि सगळा मोठ्याने वाचून दाखवला. रात्री बारानंतर खाणं नाही, दूध नाही. सकाळी सहानंतर पाणीसुद्धा नाही. सर्दी झाली तर फोन करा, दिवस पुढे ढकलू. परत जाताना गाडी चालवणारा वेगळा आणि पोरीशेजारी बसणारा वेगळा.

कागद फ्रिजवर लावला. जहाजावरही असे कागद इंजिनघरभर लावलेले असायचे. निम्मे आम्ही पाळायचो. बोट बुडाली नाही.

१६ मार्च, शनिवार

नामहीने कागद तीनदा वाचला. तिसऱ्यांदा मलाच वाचायला लावला, शाळेतल्या पोरासारखा.

"गुरुवारी मी रजा काढू का?"

"गेल्या महिन्यात काढलीस तेव्हा तुझी ती वरची बाई काय म्हणाली होती?"

तिने कागद परत फ्रिजवर लावला. मी म्हटलं, "चाळीस वर्षं माणसं बेटांवर नेली-आणली. एका पोरीला चार मजले वर नेता येणार नाही का मला?"

"बोट तुम्ही चालवत नव्हतात बाबा, तुम्ही खाली इंजिनात होतात," असं म्हणून ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

२० मार्च, बुधवार

सोल्बीने विचारलं, झोपेत दात घेऊन जातात का. नाही म्हटलं. मग चांदीचे लावतात का. दाढांना लावतात म्हटलं. खूश झाली. चांदीचे दात कोणाकोणाला दाखवायचे त्यांची नावं मोजत झोपली. तोंडात काही न देता झोपवली.

२३ मार्च, शनिवार. बुसान

दोन दिवस हातात पेन धरवलं नाही. आता सगळं क्रमाने लिहितो. आमच्या कामात बिघाड झाला की आधी क्रम लिहायचा.

गुरुवारी सकाळी साडेसातला दवाखान्यातून फोन आला. आधीच्या मुलाचं काम मोठं आहे, नऊऐवजी अकराला या. सोल्बी सहाला उठली होती. आठ वाजता पोटात मासा चावतोय म्हणायला लागली. साडेआठला फ्रिजसमोर फरशीवर बसून रडत होती, आवाज न करता, नुसते खांदे हलत होते. ओरडून रडली असती तर मी ऐकलं नसतं.

केळ्याच्या दुधाचा छोटा डबा होता. अर्धा दिला. अडीच तास आहेत, तोवर जिरेल म्हटलं. तोंड पुसलं आणि म्हणालो, "कुणाला सांगायचं नाही हं."

अकराला येसुलने विचारलं, "रात्री बारापासून काही खाल्लं, प्यायलं?"

"थेंबभरसुद्धा नाही."

"सकाळी? चुकून एखादं बिस्किट, दूध?"

"नाही म्हटलं ना."

मग ती खाली बसली आणि सोल्बीला म्हणाली, "राणी, खरंच काही नाही?" सोल्बीने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

औषध कडू होतं, पण प्यायली. अर्ध्या तासात डोळे तिरळे झाले, बोलता बोलता शब्द घसरायला लागले, ते पाहून आम्ही हसलो. आत नेली. दीड वाजता डॉक्टर मेंग स्वतः बाहेर येऊन सांगून गेले, सगळं झकास झालं.

तिला मागच्या खोलीत अरुंद खाटेवर ठेवली. अशा तीन खाटा, तिन्हींवर मुलं. बोटाला लाल दिव्याचा चिमटा आणि शेजारी टूंटूं वाजणारं यंत्र. येसुल तिघांमध्ये फिरत होती. थोड्या वेळाने दवाखान्यातली दुसरी मुलगी आली आणि सोल्बीचा चिमटा काढून यंत्रच घेऊन गेली. आतल्या खोलीत लागतंय म्हणाली. येसुल तिला काहीतरी बोलत होती, तेवढ्यात आतून डॉक्टर ओरडले, "येसुल! ये की इकडे, धरायला माणूस नाही!"

जाता जाता ती मला म्हणाली, "आजोबा, उशी नको. मान सरळ राहू दे. मधूनमधून हाक मारा, डोळे उघडायला हवेत. आलेच मी."

मी शेजारी बसलो. कुठेही गेलो नाही हे लिहून ठेवतो. कडक खाट, डोकं मागे, तोंड उघडं. फळकुटावर टाकलेल्या माशासारखी दिसत होती. बघवेना. माझ्या जाड जॅकेटची दुहेरी घडी करून डोक्याखाली दिली. हनुवटी छातीला टेकली, घरी झोपते तशी दिसायला लागली. घोरायला लागली. शेजारच्या मुलाची आई म्हणाली, "एवढीशी पोर आणि घोरते बघा कशी!" तिची आजी अशीच घोरायची, असं मी सांगितलं.

मग घोरणं थांबलं. म्हटलं, आता खरी झोप लागली. हाक मारली नाही, झोपमोड कशाला. फोटो काढून नामहीला पाठवला. खाली लिहिलं, 'झालं. शांत झोपलीय.'

येसुल परत आली. दारातूनच तिचा चेहरा बदलला. आल्या आल्या तिने आधी माझं जॅकेट ओढलं आणि फरशीवर भिरकावलं. क्षणभर मला रागच आला, नवं जॅकेट. मग सोल्बीचे ओठ दिसले.

पुढचं सगळ्यांनी सांगितलंय. डॉक्टर धावत आले, छाती दाबली, रुग्णवाहिका, मग इथे मोठ्या रुग्णालयात. येसुल अकरा मिनिटं खोलीत नव्हती म्हणतात. श्वास किती वेळ बंद होता ते कोणी सांगू शकत नाही.

दूध पोटातून वर आलं असणार. दुसरं काय असणार.

२४ मार्च, रविवार

अतिदक्षता विभागात दिवसातून दोनदा, वीस-वीस मिनिटं. नळ्या. चांदीच्या दाढा नळीच्या बाजूने चमकतात.

चाळीस वर्षांत कितीही गाढ झोपलो तरी इंजिन थांबलं की मला जाग यायची. आवाजाने नव्हे, आवाज गेल्याने. इथे तर मी जागा होतो.

२ एप्रिल, मंगळवार

डोळे उघडले. पण बघत नाही, नुसते उघडे आहेत.

नामहीने बाहेर बाकावर विचारलं, "बाबा, मी एकदाच विचारते. सकाळी तिला काही दिलं होतं का?"

"थेंबभरसुद्धा नाही."

तिने माझा हात धरला. "तुम्ही स्वतःला त्रास करून घेऊ नका," म्हणाली. मी तो हात सोडवून घेतला नाही.

१९ एप्रिल, शुक्रवार

पोलिसांनी जबाब घेतला. दवाखान्याचं म्हणणं, सिस्टर खोली सोडून गेली. अधिकाऱ्याने विचारलं, गेली होती का? गेली होती. किती वेळ? दहा-अकरा मिनिटं. तुम्हाला काही सांगून गेली? 'आलेच' म्हणाली. सगळं खरं सांगितलं. जे विचारलं नाही तेवढंच राहिलं.

बाहेर येसुल उभी होती. कमरेत वाकली. नामही अंगावर धावून गेली. "अकरा मिनिटं! अकरा मिनिटं कुठे होतीस गं? तुला पोर असती तर गेली असतीस?" येसुलने मान वर केली नाही. पोलिसाने नामहीला बाजूला नेलं. मी दोघींमध्ये उभा होतो आणि माझ्या तोंडून चकार शब्द निघाला नाही.

१६ मे, गुरुवार

सहा पुरी झाली. नळीने जेवली. डावा हात हलवते. नामहीने नोकरी सोडली. समुद्री शैवालाचं सूप वाढदिवसाला हवंच म्हणून शेजारच्या खाटेवरच्या मुलीच्या आईने आणून दिलं. आम्ही दोघांनी ते तिच्या समोर बसून खाल्लं, ती बघतेय असं धरून.

११ जून, मंगळवार

तज्ज्ञांचा अहवाल आला. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी समजावलं. "फुप्फुसं स्वच्छ आहेत. पोटातलं काही श्वासात गेलेलं नाही. श्वासाची वाट वरच बंद झाली, आणि कोणाच्या लक्षात आलं नाही."

मी पुन्हा विचारलं, "पोटातलं काहीच नाही?"

"काही नाही."

बाहेर पडलो आणि समोरच्या खानावळीत डुकराच्या रश्श्याबरोबर दोन वाट्या भात खाल्ला. तीन महिन्यांत असं जेवलो नव्हतो. खाता खाता रडायला लागलो. मालकीणबाईने काही न विचारता आणखी रस्सा ओतला.

मी सुटलो. देवा, मी सुटलो.

१८ जुलै, गुरुवार

पुढच्या महिन्यात घरी सोडणार, म्हणून आज मला शिकवलं. नामही झोपेअभावी आजारी, म्हणून मी एकटाच. शिकवणारी सिस्टर मोठी दणकट, आवाज बंदरावरच्या हमालासारखा.

सोल्बीची आता नजर ठरते, आवाजाकडे वळते, कधी हसते. मान धरत नाही. चमच्याने दाट केलेलं पाणी गिळते. झोपवायची कशी, ते सांगत होती. डोक्याखाली काही नको. खांद्याखाली पातळ टॉवेल.

मी विचारलं, "उशी का नको?"

"या इकडे," ती म्हणाली. माझं डोकं दोन्ही हातांनी धरून माझी हनुवटी छातीवर दाबली. "आता जोरात श्वास घ्या बघू."

घेता येईना.

"तुम्ही जागे आहात, मान सोडवून घ्याल. गुंगीतलं मूल, किंवा आपली ही, सोडवून घेत नाही. मुलाचं डोकं मोठं, मान बारकी. उशी घातली की वाट मिटलीच. घोरायला लागलं की समजायचं, अर्धी मिटली."

"आणि घोरणं थांबलं तर? झोप लागली म्हणून?"

"नाही हो आजोबा. पूर्ण मिटली म्हणून."

सगळं वहीत लिहून घेतलं. खांद्याखाली टॉवेल, पातळ. डोक्याखाली काही नाही.

२५ जुलै, गुरुवार

आठवडाभर लिहिलं नाही. लिहिण्यासारखं एकच होतं.

२६ जुलै, शुक्रवार. तोंगयोंग

पहाटेच्या बसने गावी आलो. येसुल आईच्या सुक्या माशांच्या दुकानात बसते असं कळलं होतं. बाजाराच्या टोकाला. ती मासळी निवडत होती. मला पाहून उठली आणि वाकली. तिच्या आईने मला ओळखलं, आणि काही न बोलता बाहेर जाऊन उभी राहिली.

मी म्हटलं, "जॅकेट मी घातलं होतं."

"माहीत आहे. मीच काढलं."

"मग पोलिसांना का नाही सांगितलंस? वाचली असतीस."

तिने हात पुसले. "सांगितलं असतं तर डॉक्टर मेंग मोकळे. आजोबांनी केलं, संपलं. तीन मुलं, बघायला मी एकटी, आणि यंत्रं दोनच, हे मग कोण विचारणार होतं? मी सहा महिने मागत होते तिसरं यंत्र." मग म्हणाली, "आणि मी उशी नको म्हणाले, पण का नको ते सांगितलं नाही. घाईत होते. सांगितलं असतं तर तुम्ही घातलं असतंत का?"

"नाही."

"मग? बघणं माझं काम होतं, आजोबा. तुमचं नव्हतं."

इतकं चांगलं माझ्याशी चार महिन्यांत कोणी बोललं नव्हतं. मला ते पेलवेना. तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण वाटलं, आता आलोच आहे तर सगळं मोकळं करावं. अहवालाने त्यातून सोडवलंच होतं.

"अजून एक. त्या दिवशी सकाळी मी तिला दूध दिलं होतं. अर्धा डबा. त्याने काही झालं नाही म्हणा, फुप्फुसं स्वच्छ निघाली."

ती बघतच राहिली. "दूध?"

"साडेआठला."

"मी तीनदा विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही हो म्हणाला असतात, तर मी तुम्हाला त्याच पावली घरी पाठवलं असतं." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "औषध दिलंच नसतं. पुढच्या आठवड्यात आला असतात. कदाचित त्या दिवशी एकच मूल असतं. मी खोलीत असते. फुप्फुसं स्वच्छ निघाली म्हणता? ती पोर त्या दिवशी त्या खाटेवर असायलाच नको होती!"

तिने मासळीची पाटी बाजूला सरकवली.

"जॅकेट मी समजू शकते," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत नव्हतं. पण हे तुम्हाला माहीत होतं. जा तुम्ही आता. आई बाहेर उन्हात उभी आहे."

अहवालात हे वाक्य नव्हतं. अहवाल लिहिणाऱ्यांना ते ठाऊकच नव्हतं. मला ठाऊक होतं आणि मी दोन वाट्या भात खाल्ला.

३ ऑगस्ट, शनिवार. बुसान

नामहीला सांगितलं. दोन्ही. आधी दूध, मग जॅकेट. ती रुग्णालयाच्या कपडे वाळवायच्या जागेत सोल्बीचे कपडे पिळत होती.

पिळायची थांबली नाही. म्हणाली, "मी बाकावर विचारलं होतं तेव्हा?"

"खोटं बोललो."

"आणि सिस्टरने सोल्बीला विचारलं तेव्हा?"

"तिला सांगितलं होतं, कुणाला बोलू नकोस."

"म्हणजे तिलाही खोटं बोलायला लावलंत." पीळ सुटला, कपडा खाली पडला. "बोलत होती ना तेव्हा ती. शेवटचं मोठ्या माणसाला काय सांगितलं असेल तिने, तर ते. तुमच्यासाठी खोटं."

मग तिने फोन काढला. त्या दिवशी मी पाठवलेला फोटो तिने फोनवर दर्शनीच ठेवला होता. चार महिने दिवसातून शंभर वेळा बघत होती, पोर किती शांत झोपलीय म्हणून. आता तो मोठा करून पाहिला. जॅकेट. हनुवटी. बराच वेळ पाहिला. मग फोटो काढून टाकला.

"जा तुम्ही गावी," म्हणाली. "मी बोलावल्याशिवाय येऊ नका."

२९ ऑगस्ट, गुरुवार. तोंगयोंग

पोलीस ठाण्यात जबाब बदलला. अधिकाऱ्याने दोनदा विचारलं, "आजोबा, हे लिहायलाच हवं का? तुमच्यावरच उलटेल." लिहा म्हटलं. यंत्रं दोनच होती, तेही लिहा. येसुल मागत होती, तेही. तो म्हणाला, ते तपासाचा भाग आहे.

२ ऑक्टोबर, बुधवार

येसुलने सांगितलं होतं तसंच झालं. डॉक्टर मेंगचा वकील माझा जबाब हातात घेऊन फिरतो. पालकाने उपवासाबद्दल खोटं सांगितलं, पालकाने सूचना मोडून डोक्याखाली कपडा दिला. दवाखाना उघडलाय. खालून पाहिलं, खिडक्यांना नवे पडदे आहेत. येसुलला दुसरीकडे कोणी कामावर घेत नाही.

नामहीचा निरोप आला, एकाच ओळीचा. 'तुमच्या खऱ्याचा कोणाला उपयोग झाला?'

उत्तर लिहिलं, खोडलं. तिला पाहिजे तेव्हा खरं दिलं नाही, आणि दिलं तेव्हा ते पलीकडच्यांना पावलं. हेच उत्तर आहे, पण ते पाठवण्यासारखं नाही.

१४ ऑक्टोबर, सोमवार

नामहीचा फोन. "मी पुन्हा कामाला लागलेय. येत्या सोमवारपासून माझी दुपारची पाळी आहे. दोन बायका ठेवून पाहिल्या. एकीने तिला उशी घातली. येता का?"

"आज निघतो."

"मी माफ केलेलं नाही. माझ्याकडे दुसरं कोणी नाही, एवढंच."

"कळलं."

"कळू दे. आणि ती घोरली की मला फोन करायचा. लाजायचं नाही, थांबायचं नाही. मी कामावर असले तरी करायचा."

८ डिसेंबर, रविवार. बुसान

एकच खोली. मी दाराशी झोपतो. नामही मला काही म्हणत नाही, सांगायचं असेल ते फ्रिजवर लिहून जाते. 'तीनला दाट पाणी. चारला व्यायाम. खोकली तर बसवा.' अक्षर माझ्यासारखं आहे.

मी सगळं पाळतो. का लिहिलंय ते कळलं नाही तर विचारतो. पूर्वी चाळीस वर्षांत कधी विचारलं नाही.

आज सोल्बी माझ्याकडे बघून हसली. नामहीने पाहिलं आणि ती भांडी घासायला गेली. ही पोर माझ्यावर का रागावत नाही, याचं उत्तर डॉक्टर देतात, पण ते मी लिहिणार नाही.

१३ एप्रिल, रविवार. बुसान

मंद वारा, समुद्रावरून.

सोल्बीचा वरचा पुढचा दात आठवडाभर हलत होता. पुढच्या महिन्यात सात पुरी होतील, पडायचं वयच आहे. डॉक्टर मेंगने भरलेल्या आठांपैकी हा एक. इतर पोरं जिभेने ढकलून पाडतात आणि हातात घेऊन मिरवतात. हिला ते जमत नाही. झोपेत पडला तर श्वासात जाईल, म्हणून रुग्णालयातल्या सिस्टर म्हणाल्या, दातांच्या डॉक्टरकडे न्या, दोन मिनिटांचं काम.

नामही दोनदा दारापर्यंत गेली आणि परत आली. तिसऱ्यांदा म्हणाली, "मला तिला त्या खुर्चीत बघवणार नाही. तुम्ही काढा."

"मी?"

"मी धरते."

तिने सोल्बीला मांडीवर आडवी न घेता बसवली, डोकं आपल्या छातीवर सरळ धरलं. मी हात दोनदा धुतले, बोटाला जाळीदार कापड गुंडाळलं. दात जेमतेम धाग्यावर होता. किंचित पिळला आणि आला. रक्ताचे दोन थेंब. सोल्बी रडली नाही. आश्चर्याने जीभ त्या जागेवर नेत राहिली.

नामहीने दात माझ्या बोटातून घेतला आणि खिडकीपाशी नेला. अजून पांढरा शुभ्र, भरलेली जागा ओळखूसुद्धा येत नव्हती.

"छान भरलाय," ती म्हणाली. "कुठे काही कमी नाही." मग दात बोटांत फिरवला. "एक वर्ष. एक वर्षात आपोआप पडणारच होता हा."

दाढा दुखत होत्या, पू झाला असता, जेवत नव्हती, करावंच लागलं असतं, हे सगळं मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं.

कापड बदलून मी रिकाम्या जागेवर दाबून धरलं. हिरडीखाली बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. नवा दात. करवतीसारखी धार. हा आयुष्यभराचा.

"याला आता नीट घासायला हवं," नामही पाठमोरी म्हणाली. "रोज. रात्री झोपायच्या आधी."

"मी घासीन."

ती वळली. तिने माझ्याकडे पाहिलं, बहुतेक ऑगस्टनंतर पहिल्यांदाच असं पाहिलं, की हा माणूस हो म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ काय धरायचा.

मग आत जाऊन नवा ब्रश पाकिटातून काढून आणला. माझ्या हातात दिला नाही. बेसिनच्या कडेला ठेवला, चप्पल घातली आणि कामाला गेली.

रात्री घासला. वरचे, खालचे, चांदीच्या दाढासुद्धा. तीन मिनिटं लागली. नंतर तोंडात काही दिलं नाही.

नामही आल्यावर तिने विचारायच्या आधीच मी सांगितलं, आणि तिने ब्रश ओला आहे का ते बोटाने बघितलं.